सात ते नऊ पोरांचा मोबाईल बंद. पण मोठ्यांच्या हातातल्या मोबाईलचं काय?

अहिल्यानगर : संध्याकाळचे सात वाजलेत. डेअरीवर दूध घालून माणसं घरी आलीत. आत भाकरी चालू आहे. पोरगं दप्तर उघडून बसलंय, आजी खाटेवर आहे, बाप ओट्यावर. घरात माणसं पाच आणि मोबाईल चार. आजी काहीतरी विचारते. 'हं' एवढंच उत्तर येतं. ती पुन्हा विचारते, पुन्हा 'हं'. तिसऱ्यांदा ती विचारत नाही.

अकोल्यापासून जामखेडपर्यंत जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे चित्र दिसेल. यात भांडण नाही, तंटा नाही, त्यामुळे पोलीस ठाण्यात नोंद नाही आणि पेपरात बातमीही नाही. तरीही गावोगावच्या ग्रामसभांमध्ये आता या विषयावर बोललं जायला लागलंय. काही गावांनी तर ठराव केलेत. त्यातलं एक गाव आपल्याच जिल्ह्यातलं आहे, नेवासा तालुक्यातलं सौंदाळा.

सौंदाळ्याने काय ठरवलं?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे सौंदाळ्याची लोकसंख्या साधारण अठराशे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथल्या ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड करायचा ठराव केला. सरपंच शरद आरगडे यांच्या पुढाकाराने झालेल्या या ठरावाची चर्चा राज्यभर झाली. टीव्हीवाले गावात आले, देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनीही दखल घेतली. पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असाही निर्णय या गावाने घेतलेला आहे.

या सगळ्या गाजावाजात एक गोष्ट मात्र थोडी मागे पडली. शाळकरी मुलांनी संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत मोबाईल वापरायचा नाही, असंही सौंदाळ्याने ठरवलं. शिवीवर दंड ही मोठी बातमी झाली, मोबाईलचा नियम बातमीच्या शेवटच्या ओळीत गेला.

नीट पाहिलं तर हे ठराव एकाच माळेचे आहेत. शिवी दिली की समोरच्याचा अपमान होतो, हे सगळ्यांना कळतं. समोरचं माणूस बोलत असताना आपण स्क्रीनवर अंगठा फिरवत राहिलो तर त्याचं काय होतं, हे मात्र अजून कोणी मोजत नाही. शिवीचा आवाज होतो, दुर्लक्षाचा होत नाही. त्यामुळे शिवीला दंड लावता येतो, दुर्लक्षाला नाही.

नियम पोरांना, सवय कोणाची?

मुलांच्या मोबाईलचा प्रश्न खरा आहे, यात शंका नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने देशभरातल्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी होते. तिचा २०२४ चा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यानुसार १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलामुलींना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे अभ्यासासाठी म्हणून घेतलेला फोन रील्सकडे जास्त वळतो, हे खेड्यातल्या आई-बापाचं निरीक्षण आकड्यांतही दिसतं.

पण पोरगं मोबाईल विकत आणत नाही. रिचार्ज बाप मारतो. दोन वर्षांच्या लेकराच्या हातात पहिला मोबाईल मोठं माणूसच देतं. बहुतेक वेळा त्याचं कारण लाड नसतं, अडचण असते. आईला तव्यावर भाकरी टाकायची असते, लेकरू रडत असतं, आणि त्या वेळी ते सांभाळायला दुसरं कोणी नसतं. व्हिडिओ लावून दिला की लेकरू गप्प बसतं, भाकऱ्या होतात. संध्याकाळी सात ते नऊ ही बाईची सगळ्यात कामाची वेळ. 'पोराला मोबाईल देऊ नको' असं त्या वेळी तिला सांगायचं आणि आपण मात्र ओट्यावर बसून क्रिकेटचा स्कोअर बघायचा, हा नियम फार दिवस टिकत नाही.

मूल नियमापेक्षा घरातलं बघून शिकतं. जेवताना बापाचा डावा हात मोबाईलवर असेल तर पोराचाही असणार. मामा, काका, पाहुणे घरी आले आणि चहा येईपर्यंत प्रत्येकजण आपापल्या स्क्रीनमध्ये असेल, तर पाहुणचार म्हणजे असाच असतो, असं पोराला वाटणार. घरातल्या एकाचाच फोन बंद आणि बाकीच्यांचे चालू राहिले, तर पोराला तो नियम वाटत नाही, शिक्षा वाटते.

वडगावचा भोंगा

या बाबतीत सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा अनुभव उपयोगी पडेल. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव. शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावाने ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली. शाळा पुन्हा भरायला लागल्या तरी पोरांचा मोबाईल काही सुटेना, ही त्यामागची अडचण होती.

तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा गावातल्या बाप्यांनी तो हसण्यावारी नेला. मग महिलांची सभा घेण्यात आली. तिथे बायांनी उघडपणे मान्य केलं, की आपणही मालिका जास्त बघतो. बंद करायचंच असेल तर सगळ्या गावाने करावं, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर पुन्हा बैठक झाली आणि भोंगा बसला. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक आणि गावातली मंडळी घरोघरी फिरून लोकांना आठवण करून देत होती.

वडगावच्या नियमातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे बायांनी आधी स्वतःची सवय कबूल केली. 'पोरं बिघडली' इथून सुरुवात न करता 'आपणही बघतो' इथून केली. दुसरी म्हणजे टीव्ही आणि मोबाईल दोन्ही बंद, आणि घरातल्या सगळ्यांचे बंद. पोराला अभ्यासाला बसवून शेजारच्या खोलीत मालिका लावायची सोय ठेवली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. तिथे बंदी दिवसभराची आणि ती फक्त मुलांवर. वडगावात दीड तास, पण सगळ्यांवर. दोन्ही गावांची काळजी एकच, रस्ते वेगळे.

बंदी टिकते कधी? नगरला हे नवीन नाही

गावाने मिळून स्वतःवर बंदी घालायची, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी केली. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. पाऊस किती पडला, पाणी किती साठलं हे मोजून कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं, हा पाण्याचा ताळेबंद बघायला देशभरातून लोक येतात. पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी.

या बंद्या का टिकल्या? चराईबंदीचंच घ्या. डोंगरावर मोकळी जनावरं सोडायची नाहीत, एवढंच सांगितलं असतं तर लोकांनी रात्री सोडली असती, कारण जनावराला खायला तर लागतंच. पण गवत कापून न्यायला परवानगी होती. जनावर दावणीला राहिलं, गवत वाढलं, चारा मिळाला, दूध वाढलं. बंदीने एक गोष्ट काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी दिली. लोकांना फायदा दिसला म्हणून बंदी राहिली.

मोबाईलच्या बाबतीतही तोच हिशोब लावावा लागेल. सात ते नऊ मोबाईल बंद, मग त्या दोन तासांत काय? रडणारं लेकरू कोण घेणार? पोराला गणित अडलं तर कोणाला विचारायचं? म्हातारीशी कोण बोलणार? याचं उत्तर घरात तयार नसेल, तर आठ दिवसांत मोबाईल उशाखालून बाहेर येतो.

भाकरी होईपर्यंत लेकरू बापाने किंवा आजोबाने घ्यायचं, हे चराईबंदीतल्या कापलेल्या गवतासारखं आहे. ते दिलं तरच बंदी पेलवते. ज्या घरात हे होत नाही, तिथे मोबाईलबंदीचं सगळं ओझं बाईवर पडतं. आणि नऊ वाजता भांडी आवरून ती टेकली, दहा मिनिटं फोन हातात घेतला, की 'सारखी मोबाईलमध्येच असते' हे ऐकायलाही तिलाच लागतं.

फोन बंद करून चालत नाही, हेही खरं

मोबाईलला सरसकट शिव्या घालून उपयोग नाही. कांदा आज राहुरीला न्यायचा, घोडेगावला न्यायचा की नगरला, हे भाव फोनवर बघितल्याशिवाय कोणी ठरवत नाही. रात्रपाळीची लाईट कधी येणार, पाऊस आहे का, पीकविम्याचं काय झालं, सगळं फोनवर. सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी-शेवगाव भागात अतिवृष्टी झाली, तेव्हा रात्रीच्या पाण्यात अडकलेल्या माणसाला फोनचाच आधार होता. उसाच्या पट्ट्यात बिबट्या दिसला की निरोप व्हॉट्सअॅपवरच फिरतो. कोपरगाव, राहाता, संगमनेर, श्रीरामपूरच्या वस्त्यांवर या निरोपाची किंमत काय आहे, ते तिथल्या माणसाला विचारावं. पण त्याच वस्त्यांवर अंधार पडायच्या वेळी अंगणात लेकरू खेळत असताना राखणीला बसलेल्या माणसाची नजर स्क्रीनवर असणं किती महाग पडू शकतं, हेही त्यालाच विचारावं. फोन एकच, तो धोक्याची सूचनाही देतो आणि धोक्यावरची नजरही काढून घेतो.

ऊसतोडीला गेलेल्या घरांची गोष्ट तर आणखी वेगळी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. शाळेत जाणारी पोरं अनेकदा आजी-आजोबांकडे मागे राहतात. दिवसभर तोड, मग गाडी भरणं. आईला लेकराशी बोलायला फुरसत मिळते ती रात्रीच. तिचा व्हिडिओ कॉल नेमका सात ते नऊमध्ये आला तर? तो फोन बंद ठेवायला सांगणारा नियम त्या पोरावर अन्याय करेल. तिथे स्क्रीनवर आई आहे. त्या दहा मिनिटांत पोराचं सगळं लक्ष माणसाकडेच आहे.

म्हणून फरक उपकरणात शोधून हाती काही लागत नाही. हातातला फोन या घडीला आपल्याला माणसाजवळ नेतोय की समोरच्या माणसापासून लांब नेतोय, एवढं बघावं लागेल. हे घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं स्वतःला कळतं.

दोष फक्त आपल्या सवयीचा नाही

आणखी एक बाजू आहे. रील्स एकामागे एक आपोआप येत राहतात, त्यांना शेवट नाही. पूर्वी वर्तमानपत्र वाचून संपायचं, सिनेमा तीन तासांत संपायचा. हे संपत नाही, कारण ते संपू नये असंच बनवलेलं आहे. माणूस जितका वेळ बघेल तितक्या जाहिराती दिसतात आणि तितकी कंपनीची कमाई होते. दर थोड्या वेळाने वाजणारी टिंग, आयकॉनवरचा लाल ठिपका, हे सगळं त्यासाठीच. त्यामुळे 'आमच्या पोराला मनावर ताबाच नाही' असं म्हणताना, समोर कोण उभं आहे तेही लक्षात घ्यावं. तिथे पगार घेऊन काम करणारी मोठमोठी डोकी बसलीत.

एकदा लक्ष उडालं की ते परत येतानाही वेळ घेतं. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात म्हटलंय, की अभ्यासातून एकदा लक्ष विचलित झालं की विद्यार्थ्याला ते पुन्हा लागायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे दोन तासांच्या अभ्यासात मोबाईल चार-पाच वेळा वाजला, तर अभ्यास किती झाला याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

जगातही यावर वेगवेगळे उपाय चाललेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांच्या सोशल मीडिया खात्यांवर बंदी आणली. तिथे दंड मुलाला नाही, आई-बापालाही नाही. जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय. जपानमधल्या तोयोआके या साधारण ६९ हजार वस्तीच्या शहराने ऑक्टोबर २०२५ पासून नियम केला, की काम आणि अभ्यास सोडून स्मार्टफोनचा वापर दिवसाला दोन तासांपर्यंत ठेवावा. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी रात्री नऊनंतर फोन बघू नये, त्याहून मोठ्यांनी दहानंतर. दंड काहीच नाही. आणि हा नियम मुलांपुरता नाही, शहरातल्या मोठ्या माणसांनाही लागू आहे.

जपानचं शहर आणि सांगलीचं गाव एकमेकांना ओळखत नाहीत. तरी दोघंही एकाच जागी येऊन पोचलीत. मोठ्यांना वगळून हा नियम होत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलंय.

नेवाशात साडेसातशे वर्षांपूर्वी

सौंदाळा ज्या तालुक्यात आहे, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही तिथल्या मंदिरात आहे. सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. म्हणजे ग्रंथ आधी बोलला गेला, ऐकला गेला आणि मग लिहिला गेला.

वारकरी घरातल्या माणसाला माहीत आहे, की ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा एक गोष्ट मागतात. नवव्या अध्यायाची तर सुरुवातच त्या मागणीने होते. ती गोष्ट म्हणजे अवधान, लक्ष देऊन ऐकणं. समोर बसलेल्या माणसांनी लक्ष दिलं तर सांगणाऱ्याला सांगता येतं, हा त्यातला साधा व्यवहार आहे. ऐकणारा नसेल तर सांगणाराही गप्प होतो.

घरात तेच घडतं. आठवीतली पोरगी शाळेतून येते. वाटेवर कोणीतरी रोज त्रास देतंय, हे तिला सांगायचं असतं. अशी गोष्ट कोणी आल्या आल्या सांगत नाही. ती आधी इकडचं तिकडचं बोलते, आईच्या आजूबाजूला घुटमळते, समोरचं माणूस ऐकतंय का ते बघते. मान वर झाली नाही तर ती बोलत नाही. चार महिन्यांनी 'मला शाळेत जायचंच नाही' म्हणते, आणि घरच्यांना वाटतं पोरगीला अभ्यासाचा कंटाळा आला. मग पुढचा विषय निघतो तो स्थळ बघायचा.

म्हाताऱ्याच्या गोळ्या तीन दिवसांपासून संपलेल्या असतात. मधल्या भावाच्या डोक्यावर सोसायटीचं आणि खासगी सावकाराचं मिळून किती कर्ज झालंय, हे त्याने कोणालाच सांगितलेलं नसतं. या गोष्टी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कोणी टाकत नाही. त्या जेवताना, दावणीजवळ, ओट्यावर, अंधार पडल्यावर हळू आवाजात निघतात, आणि समोरचं माणूस रिकामं दिसलं तरच निघतात. सात ते नऊ या दोन तासांत अभ्यास तर व्हावाच, पण घरातली ही न बोललेली गोष्ट बाहेर यायलाही तेवढीच जागा राहते. पोराच्या मार्कांपेक्षा कधी कधी ती जास्त महत्त्वाची ठरते.

पुढच्या ग्रामसभेत काय बोलता येईल?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांच्या ग्रामसभा सगळ्यांना माहीत आहेत. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. वडगावात हा विषय महिलांच्या सभेतच खऱ्या अर्थाने पुढे सरकला. ज्या गावांना असा काही नियम करायचाय, त्यांनी ठराव लिहिण्याआधी काही गोष्टींवर बोलून घ्यावं.

एक, नियम घरातल्या सगळ्यांना लावायचा का? दोन तास जड वाटत असतील तर एक तास ठेवावा, पण सगळ्यांचा ठेवावा. सरपंच, सदस्य, शिक्षक, पोलीस पाटील यांनी सुरुवात आपल्या घरापासून करावी. गाव तेच बघतं.

दोन, शाळेचा अभ्यास मोबाईलवर येतो का? अनेक शाळांचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर पडतो. तो संध्याकाळी सहाच्या आत टाकला आणि पोरांनी वहीत उतरवून घेतला, तर 'अभ्यासासाठी फोन पाहिजे' हे कारण उरत नाही. एवढं तर शिक्षक-पालक बैठकीतही ठरू शकतं.

तीन, सूट कोणाला? ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाचा फोन, दवाखान्यातलं माणूस, बिबट्या, पाणी, लाईट. यासाठी फोन पूर्ण बंद करायची गरज नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' नावाची सोय असते. ती चालू केली की रील्सच्या, ग्रुपच्या टिंगटिंग थांबतात, पण आपण निवडलेल्या माणसांचे कॉल येऊ शकतात. फोन आवाज चालू ठेवून कपाटावर ठेवला तरी काम भागतं. कॉल आला की उठून घ्यायचा.

चार, त्या वेळेत दुसरं काय? बऱ्याच गावात त्या सुमाराला देवळात हरिपाठ असतो. कुठे वाचनालयाची खोली असते, पण कुलूप लागलेली. कुलूप काढून दिवा लावला आणि गावातल्या दोन शिकलेल्या पोरा-पोरींना तासभर बसवलं, तरी दहावीच्या मुलांची मोठी सोय होईल. घरात मात्र लेकरू कोण सांभाळणार, हे बाप्यांनी आधी सांगावं आणि मग हात वर करून ठराव मंजूर करावा.

पाच, दंड ठेवायचा का? घराच्या आत कोण मोबाईल बघतंय, हे तपासत ग्रामपंचायत फिरू शकत नाही आणि तिने फिरूही नये. शिवी चारचौघांत दिली जाते, त्यामुळे साक्षीदार मिळतो. इथे साक्षीदार फक्त घरातलीच माणसं. हा नियम टिकला तर मनाने टिकेल, पावतीने नाही.

आणि एखाद्या घरात गोष्ट सवयीच्या पुढे गेली असेल, म्हणजे फोन काढून घेतला की पोरगं जेवत नाही, झोपत नाही, अंगावर धावून येतं, तर मारझोड करून ते सुधारत नाही. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करून विचारण्यात कमीपणा नाही.

सौंदाळ्याचा नियम किती घरांत पाळला जातो, याची रोज मोजदाद कोणी ठेवत नसेल. पण या गावाने हा विषय ग्रामसभेत आणला, हेच मोठं काम आहे. कारण आजपर्यंत हा प्रत्येकाच्या घरातला खासगी वैताग होता. आता त्यावर चारचौघांत बोलता येतं.

बाकीच्या गावांना ठरावासाठी थांबायचीही गरज नाही. आज संध्याकाळी आजीने काही विचारलं, तर फोन उलटा ठेवून तिच्याकडे बघून उत्तर द्यावं. ती पुढचा प्रश्न विचारते का, तेवढं बघावं.